प्रदर्शनातच राहिलेली रेसमो : तुमच्या शंका, आमची उत्तरं

गेल्या अंकात टाटांच्या ‘रेसमो’ या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचा एक छोटा फोटो जागा भरायला म्हणून छापला आणि टपालाचा रंगच बदलला. म्हणून या महिन्याचं सदर तिला आणि तिच्यासारख्या, रस्त्यावर कधीच न आलेल्या गाड्यांना दिलं आहे. स्कूटरच्या क्लचबद्दल ज्यांनी लिहिलं आहे, त्यांनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा.

प्र. रेसमोचं इंजिन टियागोच्याच घराण्यातलं होतं, गाडी दिसायलाही तयार होती. मग ती विकायला का आली नाही? नुसती जाहिरातबाजी होती का? (लोकमान्यनगर, इंदूर)

उ. नुसती जाहिरातबाजी म्हणणं अन्यायाचं होईल. मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती मांडली तेव्हा तिच्यामागे ‘टॅमो’ नावाचा वेगळा ब्रँड होता आणि थोड्या संख्येत नव्या कल्पना करून पाहायच्या, असा त्याचा उद्देश सांगितला होता. आकडेही हवेतले नव्हते. लांबी ३८३५ मिमी, रुंदी १८१०, उंची १२०८, व्हीलबेस २४३० मिमी. सीटच्या मागे आडवं बसवलेलं १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो रेव्होट्रॉन इंजिन, ताकद १९० पीएस, टॉर्क २१० न्यूटन-मीटर, सहा गिअर, क्लच पेडल नाही. १०० चा वेग सहा सेकंदांच्या आत, असा दावा. ढाचा ‘मोफ्लेक्स’ नावाचा, वेगवेगळे पदार्थ सँडविचसारखे जोडून केलेला.

अशा मांडणीत नवल काही नाही. छोट्या गाडीचं पुढचं इंजिन-गिअरबॉक्स जसंच्या तसं उचलून मागे नेलं की मध्य-इंजिनची स्पोर्ट्स कार होते. फियाटने १९७२ च्या एक्स-१/९ मध्ये १२८ चं इंजिन घेऊन हेच केलं आणि टोयोटाने १९८४ च्या एमआर-२ मध्येही. एक्स-१/९ चं मूळ म्हणजे बेर्तोनेने १९६९ साली तुरीनमध्ये मांडलेली ‘रनअबाउट’ ही कन्सेप्ट गाडीच, म्हणजे फक्त प्रदर्शनासाठी केलेला नमुना. म्हणजे प्रदर्शनातली गाडी शोरूमपर्यंत पोचतच नाही, असं नाही.

अडतं ते भागाकारात. साध्या पत्र्याच्या गाडीचं एक पॅनेल तयार व्हायला साधारण चार-पाच डाय (पत्रा दाबायचे साचे) लागतात: ओढायचा, कापायचा, भोकं पाडायचा, कडा मुडपायचा. त्यावर टकरीच्या चाचण्या, प्रदूषणाच्या चाचण्या, एअरबॅगचं जुळवणं, दिव्यांची मंजुरी. गाड्या हजार निघोत की लाख, हा खर्च जवळपास तेवढाच. समजा सगळं मिळून १०० कोटी गेले. गाड्या १००० खपल्या तर प्रत्येकीच्या डोक्यावर १० लाख बसतात, लाख खपल्या तर १० हजार. आता इंदुरात दोन सीटची, डिकी नसल्यासारखी गाडी हॅचबॅकवर दहा लाख जास्त मोजून किती जण घेतील, हे तुम्हीच सांगा. कंपनी तेव्हा खर्च आवरत होती, त्यात ही गाडी बाजूला पडली. आमच्या मते इंजिनाचा त्यात दोष नव्हता.

प्र. माझ्याकडे बिनटर्बोची पेट्रोल टियागो आहे. तिला टर्बो लावून रेसमोइतकी ताकद काढता येईल का? मिस्त्री म्हणतो, होऊन जाईल. (राजेंद्रनगर, इंदूर)

उ. मिस्त्रीला आधी हा हिशोब दाखवा.

तुमच्या इंजिनाचा कमाल टॉर्क ११४ न्यूटन-मीटर, ताकद ८५ पीएस. १९० पीएस म्हणजे सुमारे १४० किलोवॅट. टॉर्क २१० धरला तर ही ताकद यायला इंजिन ६३५० फेऱ्यांच्या आसपास फिरावं लागतं आणि तिथवर टॉर्क पडू द्यायचा नाही. तुमचं इंजिन ६००० फेऱ्यांवर १०० न्यूटन-मीटरच्या आत असतं. म्हणजे वरच्या टोकाला दुपटीहून जास्त हवा कोंबायची, टर्बोचा दाब १.१ ते १.२ बार, तोही चांगला इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) असेल तर.

आता इंधन. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण ताकदीला दर किलोवॅट-तासाला ३३० ग्रॅम पेट्रोल पितं असं धरा. १४० किलोवॅटला तासाला सुमारे ४६ किलो, म्हणजे मिनिटाला हजार सीसीच्या थोडं वर. तीन इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी ३५० सीसी. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नसतो, म्हणून ४३० सीसीचा लागेल. ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला त्याच हवेत आठेक टक्के जास्त इंधन लागतं, म्हणजे ४५० ते ५०० सीसीचा घ्या. पंपही त्याच मापाचा आणि ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या संगणकाचं, मॅपिंग नव्याने.

एवढं केल्यावर मोडणार काय? आधी क्लच घसरेल, कारण तो ११४ च्या टॉर्कसाठी बनवला आहे. मग नॉकिंग, म्हणजे इंधन आपोआप पेटून ठोके बसणं. बिनटर्बोच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच जास्त असतं, त्यावर १ बारचा दाब आला की पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तडकते. हे बाहेरून कळत नाही. तेल खायला लागतं, डिपस्टिकमधून धूर येतो आणि तोवर सिलिंडरला ओरखडे पडलेले असतात. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, हेड गॅस्केट, क्लच, गिअरबॉक्स असं सगळं बदलत गेलात तर त्या पैशात कारखान्यातूनच टर्बो लागून आलेली दुसरी गाडी येते. तीच घ्या, वॉरंटीसकट.

प्र. माझे वडील म्हणतात, टाटांची ‘आरिया’ ही स्पोर्ट्स कार होती. मला तर सात सीटची मोठी गाडी आठवते. (टिळकनगर, इंदूर)

उ. दोघांचंही बरोबर. २००० साली जिनिव्हात आरिया रोडस्टर मांडली, २००१ मध्ये आरिया कूपे. दोन्ही तिथेच थांबल्या. नाव मात्र जपून ठेवलं आणि २०१० मध्ये मोठ्या गाडीला दिलं.

प्र. आम्ही इंजिनिअरिंगचे चार विद्यार्थी आहोत. रेसमोचं १:४ मापाचं क्ले मॉडेल करायचं आहे. किती क्ले लागेल, सुरुवात कशी करायची? गेल्या मे महिन्यात एक प्रयत्न केला तेव्हा कडा गोल होऊन बसल्या. (खंडवा रोड, इंदूर)

उ. १:४ म्हणजे लांबी ९५९ मिमी, रुंदी ४५२, उंची ३०२, व्हीलबेस ६०७.५. टेबलावर मावेल एवढंच, पण वजन कमी समजू नका.

१८ मिमी प्लायवूडचा पाया घ्या, त्यावर मधोमध रेघ आणि दर १०० मिमीला आडव्या रेघा. त्याच अंतरावर ड्रॉइंगवरून हार्डबोर्डचे उलटे साचे कापा, म्हणजे पृष्ठभाग तपासता येतो. गाभा पीयू फोमचा करा आणि अंतिम पृष्ठभागापेक्षा सगळीकडे २५ मिमी आत ठेवा. थर्मोकोल स्वस्त म्हणून वापराल तर पुढे फायबरचा साचा काढताना रेझिनमधलं स्टायरीन त्याला खाऊन टाकेल. क्लेला एक चीर असली तरी पुरते.

२५ मिमी थराला, जवळपास एक चौरस मीटर पृष्ठभागासाठी, २५ लिटर क्ले बसते. हलकी असेल तर २५ किलो, जुन्या पद्धतीची जड असेल तर ३५ ते ४०. ही कुंभाराची माती नव्हे, मॉडेलिंगची औद्योगिक क्ले. ती ५५ ते ६० अंशांना मऊ करून लावतात. प्लायची पेटी, आत बल्ब आणि एक थर्मामीटर, एवढं पुरे. पहिला थर अगदी पातळ, तळहाताच्या टाचेने फोममध्ये घासून बसवायचा. हा आळस केला की दोन दिवसांनी अख्खी चकती सुटून येते आणि दोष क्लेला मिळतो. मग जाडी वाढवा, थंड होऊ द्या, दातेरी पट्टीने खरवडा, शेवटी लवचिक स्टीलच्या पातळ पट्टीने ओढा. पट्टी नेहमी दोन दिशांना तिरपी फिरवायची, एकाच दिशेला ओढलं की लाटा उठतात.

आधी एकच बाजू पूर्ण करा. ती पटली की हाइट गेजने दर ५० मिमीला बिंदू घेऊन दुसऱ्या बाजूला उतरवा. दोन्ही बाजू एकदम सुरू केल्या तर चौघांच्या चार गाड्या होतात.

तुमच्या कडा गोल झाल्या त्या मेमुळेच. खोली ४० अंशांवर गेली की क्ले अर्धी मऊच असते. २५ अंशांच्या आसपासच्या खोलीत काम करा, नाहीतर कडांचं काम हिवाळ्यावर टाका. आणखी एक: क्लेत गंधक असेल तर प्लॅटिनमवाला सिलिकॉन त्यावर सुकत नाही, चिकट राहतो. साचा सिलिकॉनचा काढणार असाल तर गंधकमुक्त क्लेच मागा.

प्र. माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. एका गिऱ्हाइकाच्या शो-गाडीसाठी फायबरचं बॉनेट करून पाहिलं. जेलकोटवर (साच्यात सगळ्यात आधी देतात त्या रंगीत रेझिनच्या थरावर) मगरीच्या कातडीसारख्या सुरकुत्या आल्या. दुसऱ्या वेळी सुरकुत्या नव्हत्या, पण रंग दिल्यावर उन्हात आतल्या काचधाग्यांच्या मॅटची नक्षी उमटली. लॉकही उपटून आलं. (देवास नाका, इंदूर)

उ. तीन दुखणी, तिघांची कारणं वेगळी.

सुरकुत्या येतात त्या जेलकोट पातळ पडल्यामुळे किंवा कच्चा असताना त्यावर रेझिन ओतल्यामुळे. रेझिनमधलं स्टायरीन खालून शिरतं, थर फुगतो आणि वळ्या पडतात. जेलकोटची जाडी ०.४ ते ०.६ मिमी हवी, म्हणजे चौरस मीटरला ५०० ते ७०० ग्रॅम. हाताच्या अंदाजाने नको, डबा काट्यावर ठेवून मोजा. हार्डनर १.५ ते २ टक्के. उन्हाळ्यात लवकर सुकतो म्हणून जेलकोटमध्ये हार्डनर १ टक्क्याच्या खाली आणतात, तिथेच तो कायमचा कच्चा राहतो. गरमी जास्त असेल तर हार्डनर कमी करण्यापेक्षा सकाळी सहाला काम सुरू करा आणि एका वेळी अर्धा किलोच कालवा. बोट लावल्यावर चिकट लागावं पण बोटाला रंग येऊ नये, तेव्हा मॅट घालायची.

नक्षी उमटते ती घाईमुळे. जेलकोटच्या पाठीमागे थेट ४५० ग्रॅमची जाड मॅट दिली की रेझिन आक्रसताना तिचे धागे पुढे दिसतात. क्रम असा ठेवा: आधी ३० ग्रॅमचा सरफेस टिश्यू, मग ३०० ग्रॅमची मॅट, ती सुकू द्या, मग ४५० च्या दोन. सगळी मिळून जाडी पावणेतीन मिमीच्या आसपास येते. १.२ चौरस मीटरच्या बॉनेटला मॅट सुमारे दीड किलो आणि रेझिन तिच्या अडीचपट, वाया जाणारं धरून चार किलो. रेझिन ओतून मॅट बुडवायची नाही. ब्रशने टोचत भिजवा आणि दातेरी रोलरने हवा बाहेर काढा. पांढरा ठिपका दिसला तर तिथे हवा आहे. एकाच बसणीत चार-पाच थर चढवले तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, तुकडा वाकतो आणि कधी तपकिरी होऊन तडकतो. साच्यातून काढायची घाई नको. एक रात्र जाऊ द्या, आणि रंगाआधी तो तुकडा साच्यातच चार-पाच तास उन्हात तापवा. जे आक्रसायचं ते रंगाआधी आक्रसतं.

लॉक उपटलं कारण फायबरला बोल्ट धरता येत नाही. लॉकच्या आणि बिजागरीच्या जागी थरांच्या मध्ये २ मिमी स्टीलची पट्टी किंवा मरीन प्लायचा तुकडा घाला, कडा उतरत्या करा आणि त्यावर दोन थर जास्तीचे, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा ३० मिमी बाहेर. तरी वेगात जाणाऱ्या गाडीला वरून दोन बॉनेट पिना लावाच. हलकं बॉनेट वाऱ्याने उघडलं तर सरळ काचेवर येतं.

पावसाळ्यात मॅट दमट होते. पांढरी राहते, भिजतच नाही. आदल्या रात्री बल्बच्या पेटीत ठेवा.

आणि हे गॅरेजमधल्या पोरांना समोर बसवून सांगा: हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर सुकवणारं रसायन) एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत. स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. दोन्ही बाटल्या एका फळीवर ठेवू नका. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा लावूनच काम करा, आणि उडालाच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरून सरळ दवाखान्यात.

प्र. जुन्या मारुतीच्या चासीवर रेसमोसारखी फायबर बॉडी बसवून गाडी रस्त्यावर चालवता येईल का? आरसी तर मारुतीची आहेच. (सुदामानगर, इंदूर)

उ. नाही. आरसी मारुतीची असणं हीच अडचण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. मंजूर सीएनजी किटसारख्या गोष्टींना वाट आहे, पूर्ण बॉडी बदलायला नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करील.

शिवाय ज्याला तुम्ही चासी म्हणता, ती मारुतीच्या साध्या कारमध्ये वेगळी नसतेच. छप्पर, खांब आणि तळ मिळून एकच पेटी असते. छप्पर आणि खांब कापले की तळ मधोमध वाकतो. कापण्याआधी दरवाजाची फट तीन ठिकाणी मोजून ठेवा आणि चौकटीत आडवा पाइप वेल्ड करा, नाहीतर नंतर दरवाजा लागणार नाही. हे सगळं फक्त मांडून ठेवायच्या गाडीसाठी सांगतो आहोत. कॉलेजच्या स्पर्धेसाठी बनवायची असेल तर नळ्यांचा नवा ढाचा करा. बाहा या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या गाडी-स्पर्धेची पोरं पिथमपूरला तेच करतात, आणि रेसमोच्या मुखवट्यापेक्षा त्यातून खूप जास्त शिकायला मिळतं.

प्र. आमच्या स्पर्धेच्या गाडीत हॅचबॅकचं पुढचं इंजिन मागे बसवलं. सरळ रस्त्यावरही खड्डा आला की गाडीची शेपूट हलते आणि इंजिन तापतं. (महू)

उ. शेपूट हलते कारण पुढच्या हबला असलेला स्टिअरिंगचा हात मागे आल्यावर कशाला तरी बांधावा लागतो, आणि तो तुम्ही चुकीच्या उंचीवर बांधला असणार. खालच्या विशबोनपेक्षा (चाक धरणाऱ्या इंग्रजी ए-आकाराच्या हातापेक्षा) त्या दांडीचा कोन वेगळा असला तर चाक वर-खाली होताना स्वतःच वळतं. स्प्रिंग काढा, चाक जॅकने ५० मिमी वर आणि ५० मिमी खाली करा आणि टो, म्हणजे चाक किती आत-बाहेर वळलं ते, मोजा. दांडीचं आतलं टोक थोडं थोडं वर-खाली सरकवत, पूर्ण हालचालीत चाकाच्या रिमवर फरक एक मिमीच्या आत आला की वेल्ड करा.

तापणं बहुतेक हवेमुळे. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मधे दोन-दोन मीटर पाइप, आणि त्यात कुठेतरी उंचवटा असला की हवा अडकते. पाइप ३० मिमीच्या आसपासचे, सपाट किंवा एकाच दिशेला चढते ठेवा. वाढीव टाकी सगळ्यात उंच, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात हवा सोडायचा स्क्रू. गाडीचं नाक उचलून पाणी भरा.

प्र. पिथमपूरच्या ट्रॅकवर जुन्या काळच्या वेगवान कन्सेप्ट गाड्या पळू शकल्या असत्या का? (पिथमपूर)

उ. नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा तो ट्रॅक जून २०२१ मध्ये सुरू झाला. लांबी ११.३ किमी, रुंदी १६ मीटर, चार लेन. इटलीतल्या नार्दोच्या चाचणी ट्रॅकचं वर्तुळ साडेबारा किमीच्या थोडं वर, म्हणजे आपलं फार मागे नाही. नार्दोची आठवण काढायचं कारण मर्सिडीजची सी-१११. १९६९ मध्ये फ्रँकफर्टला ती तीन रोटरच्या व्हँकेल (पिस्टनऐवजी फिरणाऱ्या रोटरच्या) इंजिनासह आली, ताकद २८० अश्वशक्ती. १९७० मध्ये चार रोटर, ३५०. लोक कोरे धनादेश घेऊन मागे लागले अशा गोष्टी सांगतात, पण गाडी विकली गेली नाही. व्हँकेलचं तेल-पेट्रोल पिणं आणि धूर आवरत नव्हता. मग त्याच गाडीत पाच सिलिंडरचं तीन लिटर टर्बो डिझेल बसवून १९७६ मध्ये नार्दोला विक्रम केले, आणि १९७९ मध्ये व्ही-८ पेट्रोल इंजिनच्या सी-१११/४ ने ताशी ४०३.९७८ किमी वेग गाठला. बाजारात न येताही गाडी उपयोगी पडते, ती अशी.

प्र. रेसमोसारखे वर उघडणारे दरवाजे आमच्या मॉडेलला लावले आहेत. हिवाळ्यात सकाळी दरवाजा खाली येतो, मेमध्ये बंद करायला दोघं लागतात. (उज्जैन)

उ. गॅस स्ट्रट २० अंशांना मोजलेला असतो आणि दर अंशाला त्याचं बळ सुमारे ०.३४ टक्क्यांनी बदलतं. सकाळी ८ अंश असेल तर ४ टक्के कमी, दुपारी ४५ असेल तर साडेआठ टक्के जास्त. दरवाजा २२ किलोचा, त्याचा भारबिंदू बिजागरीपासून ५०० मिमी आणि स्ट्रटचं काटकोनी अंतर १५० मिमी असेल, तर तो आडवा धरायला ७२० न्यूटन लागतात. तुम्ही नेमके तेवढ्याचे स्ट्रट घेतले असावेत. थंडीसाठी १० टक्के जास्तीचा, म्हणजे ८०० न्यूटनचा घ्या. मेमध्ये तो आणखी जोर लावेल, त्यासाठी आतून ओढायला पट्टा लावा. स्ट्रटचा दांडा नेहमी खाली तोंड करून बसवा. सीलवर तेल राहतं, आयुष्य वाढतं.